बायोसिरॅमिक सीलर वापरताना या चुका टाळा

रूट कॅनाल भरताना आतली फट बुजवणारं सीलर हाताळायला सोपं झालं म्हणून रूट कॅनालही सोपं झालं, असा समज तरुण दंतवैद्यांमध्ये पसरतो आहे. तो दूर व्हावा म्हणून हे लिहिते आहे. इंदूरमध्ये सुदामा नगर असो की विजय नगर, कितीतरी दवाखान्यांत आज तयार मिश्रणाची बायोसिरॅमिक सिरिंज दिसते. देवास, धार, महूहून जे दात पुन्हा उपचारासाठी येतात, त्यांच्या एक्स-रेवर पुष्कळदा पांढरंशुभ्र, भरगच्च सीलर दिसतं आणि मुळाच्या टोकाशी संसर्गाचा काळा डागही तसाच असतो. मटेरियल चांगलंच असतं, पण ते न धुतलेल्या कॅनालमध्ये भरलेलं असतं. एखादा कॅनाल सापडलेलाच नसतो, लाळ अडवणारा रबर डॅम लावलेला नसतो, जंतू मारणाऱ्या हायपोक्लोराइटला काम करायला वेळ दिलेला नसतो. वरच्या पहिल्या दाढेचा एमबी-टू, म्हणजे सहज न दिसणारा जादा कॅनाल, शोधायचा राहिला असेल, तर जगातलं कुठलंही सीलर तो भरून काढणार नाही.

मटेरियलचा स्वभाव आधी नीट समजून घेऊ, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबीनेजाद यांच्या गटाने एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट) हे दातांसाठीचं सिमेंट मांडलं. त्याचा पाया पोर्टलँड सिमेंटचा, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचा. पाणी मिळालं की त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, पीएच 12 च्या आसपास जातो आणि ऊतींमधल्या फॉस्फेटशी संयोग होऊन पृष्ठभागावर ॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजाचा, थर येतो. आजची तयार सीलर याच कुळातली आहेत. फरक इतकाच की सिरिंजमध्ये पाणी नसतं. पावडर पाणीविरहित द्रवात मिसळलेली असते आणि सेट होण्यासाठी, म्हणजे घट्ट होण्यासाठी, लागणारा ओलावा ती डेंटिनच्या (दाताच्या आतल्या थराच्या) सूक्ष्म नलिकांमधून घेते.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कॅनाल खडखडीत वाळवणं. एपॉक्सी रेझिनच्या सीलरवर ज्यांचा हात बसला, त्यांना तीच सवय असते. शेवटी अल्कोहोल, वर थ्री-वे सिरिंजची हवा, मग ओल टिपणारे कागदी पेपर पॉइंट एकामागून एक. बायोसिरॅमिकला हे नको. अल्कोहोल टाळा, हवा तर मुळीच मारू नका. मोजके पेपर पॉइंट वापरा आणि शेवटच्याचं टोक जेमतेम ओलसर निघालं की थांबा. उलट, कॅनालमध्ये पाणी साचलेलं असेल तर सीलर पातळ होऊन वाहून जातं. रक्त किंवा पू येत असेल तर त्या दिवशी भरूच नका, औषध घालून पुढची तारीख द्या.

याच कारणाने काचेच्या स्लॅबवर थेंब ठेवून 'बघा, सेटच होत नाही' अशी तक्रार करू नका. कोरड्या स्लॅबवर ते सेट होण्याची अपेक्षाच चुकीची आहे. कंपन्या साधारण चार तास सांगतात, पण फार कोरड्या कॅनालमध्ये दहा तासांहूनही जास्त लागू शकतात. पावडर-लिक्विडच्या बायोरूट आरसीएसची गोष्ट वेगळी. त्याच्या लिक्विडमध्येच पाणी असतं.

शेवटच्या धुण्याकडेही लक्ष हवं. कॅनाल धुवायचं ईडीटीए हे रसायन कॅल्शियम पकडतं. ते आत राहिलं तर ज्या कॅल्शियमच्या जोरावर सीलर सेट व्हायचं, त्यालाच धक्का लागतो. ईडीटीएनंतर डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइनने भरपूर धुवा. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक एकमेकांना भेटले की तपकिरी-केशरी साका बसतो आणि नलिकांची तोंडं बुजतात. दोन्ही वापरायचीच असतील तर मध्ये सलाइन घ्या. आधीच्या भेटीतलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड टोकाकडच्या एक-तृतीयांश भागात चिकटून राहतं. नुसत्या सुईने ते निघत नाही, द्रव हलवावा लागतो. अल्ट्रासोनिक टिप असेल तर उत्तम, नसेल तर नीट बसणारा गटापर्चा कोन (कॅनाल भरायची रबरासारखी निमुळती काडी) हलकेच वर-खाली करूनही बराच फरक पडतो.

आता ज्या चुकीची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, ती. सिरिंजची टिप खोलवर नेऊन दाबणं. हे सीलर पातळ असतं, सहज वाहतं आणि अंगठ्याला किती दाब पडतोय ते कळत नाही. टिप कॅनालमध्ये अडकली असेल तर वर परत यायला जागाच नसते, मग सगळं एपेक्सबाहेर, म्हणजे मुळाच्या टोकाबाहेर, जातं. खालच्या दुसऱ्या दाढेच्या आणि प्रीमोलरच्या (उपदाढेच्या) मुळांशेजारून इन्फिरिअर अल्व्हिओलर आणि मेंटल नर्व्ह, म्हणजे खालच्या ओठाला संवेदना देणारी नस, जाते. इतका जास्त पीएच असलेलं मटेरियल तिथे पोचलं तर काय होतं, हे संध्याकाळी फोनवर कळतं: "डॉक्टर, भूल उतरायला हवी होती ना हो? ओठ अजून जडच आहे." अशा वेळी "होईल हो काकू, दोन दिवस बघा" असं म्हणू नका. त्याच दिवशी बोलवा, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढा आणि ओरल सर्जनकडे पाठवा. नर्व्हवरचा दाब आणि क्षार काढायचा असेल तर पहिले एक-दोन दिवस फार मोलाचे असतात. खालच्या दाढेसाठी ब्लॉक (नसेला भूल देणारं इंजेक्शन) दिला असेल, तर संध्याकाळी आपणहून एक फोन करण्याची सवय लावून घ्या.

हे टाळायचा मार्ग अवघड नाही. टिप कॅनालच्या वरच्या एक-तृतीयांश भागापलीकडे नेऊ नका, ती सैल असू द्या आणि थोडंसं सोडून थांबा. मग मास्टर कोनचं (मुख्य गटापर्चा कोनचं) टोक सीलरमध्ये बुडवून हळूहळू वर्किंग लेन्थपर्यंत, म्हणजे कॅनालच्या मोजलेल्या लांबीपर्यंत, सरकवा. कोनच सीलरला खाली नेतो. पंपासारखा वर-खाली करू नका. एपेक्सबाहेर आलेला सीलरचा बारीक ठिपका शरीर सहसा सोसतं, पण तो यशाची खूण समजून मुद्दाम बाहेर ढकलायला जाऊ नका. टोक आधीच रुंद झालं असेल, अपरिपक्व दात असेल किंवा रिसॉर्प्शन (मूळ विरघळणं) असेल, तर तिथे सीलर हे उत्तरच नाही. तिथे पुट्टी (त्याच मटेरियलचा घट्ट प्रकार) किंवा एमटीएचा चार-पाच मिलिमीटरचा प्लग हवा. मुळाला भोक पडलं असेल तेव्हाही तेच. सीलर आणि पुट्टी एकाच कंपनीच्या सारख्या डब्यांत येतात, म्हणून घाईत हातात भलतंच येण्याचा प्रकारही घडतो. सहायकाला दोन्ही वेगळ्या खणांत ठेवायला सांगा.

सिंगल कोन, म्हणजे एकाच कोनाने कॅनाल भरण्याच्या पद्धतीचा अर्थ 'कुठलाही एक कोन' असा होत नाही. कॅनाल घासणारी शेवटची फाइल ज्या साइझची आणि टेपरची (निमुळतेपणाची), कोनही त्याच जातीचा हवा, टोकाशी किंचित अडकणारा हवा आणि एक्स-रेवर पूर्ण लांबीचा हवा. अंडाकृती कॅनालमध्ये एका कोनाच्या दोन्ही बाजूंना नुसतं सीलरच उरतं, तिथे ॲक्सेसरी कोन घाला. कोन दोन मिलिमीटर कमी पडला आणि सीलरने ती उणीव भरून काढली, असं एक्स-रेवर छान दिसतं. पण पुढे दात पुन्हा उघडायची वेळ आली की कळतं, सेट झालेलं बायोसिरॅमिक गटापर्चा विरघळवणाऱ्या क्लोरोफॉर्मला दाद देत नाही. गटापर्चा लांबीपर्यंत असेल तर त्याच्या वाटेने खाली उतरता येतं. त्याच्यापुढे नुसतं कडक सीलर असेल तर पेटन्सी, म्हणजे टोकापर्यंतची मोकळी वाट, मिळेल याची खात्री नाही, आणि मग सर्जरीची भाषा करावी लागते.

उष्णता वापरून वॉर्म व्हर्टिकल (गटापर्चा तापवून दाबण्याची पद्धत) करणाऱ्यांनी सीलरची माहितीपत्रिका वाचावी. सगळी बायोसिरॅमिक सीलर त्यासाठी बनलेली नाहीत. उष्णतेने ओलावा उडतो, गुणधर्म बदलतात. त्यासाठी हायफ्लोसारखे वेगळे प्रकार आहेत. नावावरही जाऊ नका. एमटीए फिलापेक्सच्या नावात एमटीए आहे, पण त्याचा आधार सॅलिसिलेट रेझिनचा आहे, म्हणजे त्याचं वागणं वेगळं.

आपल्या माळव्याच्या हवामानाचाही इथे संबंध येतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, आणि पावसाळ्यात हवा दमट होते. झाकण नीट न लावलेल्या सिरिंजची टिप पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानेच सेट होते. मग दवाखान्यातली मुलं दाब देऊन ती फोडायला जातात आणि एकदम ढेकूळ बाहेर येतं. काम झालं की वापरलेली टिप काढून टाका, सिरिंजचं टोक कोरडं पुसा, झाकण लावा आणि कंपनीच्या फॉइलच्या पिशवीत परत ठेवा. सिरिंजमध्ये हवा मागे ओढू नका. मे महिन्यात बंद दवाखान्याच्या खिडकीत पार्सल पडून राहू देऊ नका. पाकिटावर जे तापमान लिहिलं आहे तेच पाळा, फ्रिज हे प्रत्येक गोष्टीचं उत्तर नव्हे.

रंगाचा प्रश्न समोरच्या दातांत येतो. जुन्या एमटीएमधला बिस्मथ ऑक्साइड हायपोक्लोराइटशी संपर्कात आला की दात करडा-तपकिरी पडतो. नव्या सीलरमध्ये बहुधा झिर्कोनियम ऑक्साइड असतो, त्यामुळे हा धोका कमी झाला आहे. तरीही सीलर हिरडीच्या रेषेखाली एक-दोन मिलिमीटरवरच थांबवा. पल्प चेंबर ओल्या कापसाने सेट होण्याआधी स्वच्छ पुसा.

आणि मग वरचं सील. लांबून येणारा रुग्ण कॅपसाठी पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो आणि दिवाळीनंतर उगवतो. तोवर तात्पुरतं फिलिंग झिजलेलं असतं, लाळ आत गेलेली असते. त्याच भेटीत कॅनालच्या तोंडांवर जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) किंवा फ्लोएबल काँपोझिटचा थर आणि वर पक्कं फिलिंग करून पाठवा. सुपारी चघळणाऱ्यांना तर हे आणखीच गरजेचं.

रुग्ण विचारतात, "हा नवा मसाला भरला म्हणजे पुन्हा दुखणार नाही ना?" त्यांना खरं सांगा. पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखू शकतं. सूज किंवा ताप आला तर लगेच यायचं. टोकाचा डाग भरून यायला महिने लागतात. वर्षभराने एक्स-रे घ्यायचाच, आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं.

भरल्यानंतरचा एक्स-रे आणि कार्डावरची नोंद वेळच्या वेळी करा: कुठलं सीलर, बॅच नंबर, मास्टर कोनचा साइझ, प्रत्येक कॅनालची वर्किंग लेन्थ आणि ती कुठल्या खुणेपासून मोजली ते. या नोंदीची एक प्रत रुग्णालाही द्या. तो उद्या पुण्याला किंवा बडोद्याला राहायला गेला, तर तिथल्या डॉक्टरला आत काय भरलं आहे ते दात उघडण्याआधीच कळेल.