लेखनिक झालो आणि झोप लागली

नोकरी गेल्यानंतर चार महिने मी रोज पहाटे ३ वाजता जागा होत असे आणि तेच ते हिशेब डोक्यात घोळवत पडून राहत असे. ध्यान करून पाहिले. पण डोळे मिटले की काळजी अधिकच जवळ येई. त्याच सुमारास एका अंध विद्यार्थिनीला परीक्षेसाठी लेखनिक हवा असल्याचे कळले आणि, खरे सांगायचे तर, रिकामपण खायला उठले होते म्हणूनच मी होकार दिला.

लेखनिकाने विद्यार्थी सांगेल तेवढेच लिहायचे असते. उत्तर चुकते आहे हे दिसले तरी सुचवायचे नसते. ती बाकाच्या कडेवर बोटांनी ताल धरत वाक्य जुळवी, मध्येच "खोडा, पुन्हा सांगते" म्हणे, आणि त्या ३ तासांत माझ्या डोक्यात स्वतःचे काही शिरायला जागाच उरली नाही. त्या रात्री मी सलग झोपलो.

एका पेपराने चिंता मिटली नाही, हेही नमूद करतो. मात्र पुढे आठवड्यातून दोनदा तिला पाठ्यपुस्तके वाचून दाखवू लागल्यावर पहाटेची जाग हळूहळू कमी झाली. पथ्य एकच पाळले: आपले रडगाणे तिच्यापुढे गायचे नाही. आता नवी नोकरी लागली आहे. वाचन शनिवारी चालते आणि सध्या इतिहासाचे सातवे प्रकरण सुरू आहे.