मोडल लॉजिक शिकायला बसण्याआधी काय काय करून ठेवायचं

मोडल लॉजिक म्हणजे 'नक्कीच' (बॉक्स) आणि 'शक्य आहे' (डायमंड) अशा शब्दांचं लॉजिक. सगळ्यात आधी प्रपोझिशनल लॉजिक, म्हणजे आणि, किंवा, नाही, तर यांनी विधानं जोडायचं लॉजिक. ट्रूथ टेबल भरता येतं एवढ्यावर समाधान मानू नका, फॉर्म्युल्याच्या रचनेवर इंडक्शन लावून प्रूफ लिहिता आलं पाहिजे कारण पुढे निम्मी प्रूफं तशीच असतात. फर्स्ट ऑर्डर लॉजिकमधले क्वांटिफायर (सगळ्यांसाठी, निदान एकासाठी) वाचता आले तरी भागतं, गोडेलच्या प्रमेयांपर्यंत जायची गरज नाही. रिलेशन म्हणजे काय, रिफ्लेक्सिव्ह, सिमेट्रिक, ट्रान्झिटिव्ह हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

मग कागद आणि पेन घ्या आणि चित्रं काढा. बरेच जण अ‍ॅक्झिअमच्या यादीपासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही. इतिहासात तसंच झालं हे खरंय, म्हणजे लुईस आणि लँगफर्ड यांनी १९३२ मध्ये एस१ ते एस५ सिस्टिम (अ‍ॅक्झिअमचे पाच संच) मांडल्या आणि क्रिपकेचं सिमँटिक्स, म्हणजे खालच्या ठिपके-बाणांमागची कल्पना, १९५९ आणि १९६३ च्या पेपरांमधून आलं, पण शिकताना तोच क्रम पाळलाच पाहिजे असं कुठेय? तीनचार ठिपके, त्यांच्यात बाण, कुठल्या ठिपक्यावर प हे विधान खरं ते लिहायचं, झालं मॉडेल. बॉक्स प म्हणजे इथून निघणारा प्रत्येक बाण जिथे पोचतो तिथे प खरं, डायमंड प म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं. आणि ज्या ठिपक्यातून एकही बाण निघत नाही तिथे बॉक्सच्या पुढे काहीही लिहा, अगदी सरळसरळ खोटं विधानसुद्धा, ते खरंच ठरतं आणि डायमंडवालं काहीच खरं होत नाही. हे मुद्दाम करून बघा, पुढे सारखं आडवं येतं.

हे हाताने जमायला लागलं की अ‍ॅक्झिअम आणि बाणांचं नातं. टी, म्हणजे बॉक्स प असेल तर प, हा रिफ्लेक्सिव्ह फ्रेमवर (फ्रेम म्हणजे नुसते ठिपके आणि बाण) चालतो हे लगेच दिसतं, खरी मजा उलट्या दिशेत आहे: एक ठिपका घ्यायचा, त्याचे बाण जिथे पोचतात फक्त तिथेच प खरं ठेवायचं, मग त्या ठिपक्यावर बॉक्स प आपोआप खरं, टी चालत असेल तर प तिथेही खरं, म्हणजे त्याचा बाण स्वतःकडे येतोच. हीच युक्ती ४ (बॉक्स प असेल तर बॉक्स बॉक्स प, ट्रान्झिटिव्ह) आणि ५ (डायमंड प असेल तर बॉक्स डायमंड प, युक्लिडिअन म्हणजे एकाच ठिपक्यातून निघालेले बाण जिथे पोचतात त्यांच्यात आपसातही बाण) साठी स्वतः वापरून बघायची, उत्तर शोधायचं नाही. फ्रेम आणि मॉडेल यांची गल्लत मात्र करू नका, एखाद्या मॉडेलमध्ये प सगळीकडेच खरं असेल तर बाण कसेही असले तरी टीचं विधान खरंच येणार, फ्रेमसाठी सगळी व्हॅल्युएशन (कुठल्या ठिपक्यावर काय खरं) तपासावी लागतात.

बायसिम्युलेशन, म्हणजे दोन मॉडेलमधल्या ठिपक्यांची अशी जुळवणी की जुळलेल्या ठिपक्यांवर तीच विधानं खरी आणि एकाचा बाण दुसऱ्यालाही जुळवता येतो, सोडू नका, कंटाळवाणं वाटलं तरी. स्वतःकडे बाण असलेला एकच ठिपका आणि एकामागून एक न संपणारी ठिपक्यांची रांग, सगळीकडे तीच विधानं खरी, तर मोडल फॉर्म्युल्याला या दोघांत फरक दिसत नाही! दोन सिस्टिमचं वागणं सारखं आहे का हा कॉम्प्युटर सायन्समधला प्रश्न इथूनच सुटतो.

आता बॉक्स कशासाठी वाचायचाय ते ठरवा, सगळं एकदम घ्यायला गेलात तर धड काहीच होत नाही. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये कोणाला काय माहिती आहे यासाठी एस५ लागतं, हा प्रोग्रॅम संपल्यावर काय खरं असेल यासाठी डायनॅमिक लॉजिक, ऑन्टॉलॉजीवाल्यांचं (एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती नोंदवणाऱ्यांचं) एएलसी हे डिस्क्रिप्शन लॉजिक तर वेगळ्या कपड्यातलं मल्टिमोडल के (अनेक बॉक्स असलेलं सगळ्यात साधं मोडल लॉजिक) आहे. पहिल्यांदाच शिकत असाल तर मी टेम्पोरल लॉजिक (बॉक्स म्हणजे 'कायम', डायमंड म्हणजे 'कधीतरी') घ्या म्हणेन, कारण तिथे टूल्स तयार आहेत. प्नुएलीने १९७७ मध्ये हे लॉजिक प्रोग्रॅमसाठी वापरायचं सुचवलं, १९९६ चं ट्युरिंग अवॉर्ड त्याला मिळालं, आणि मॉडेल चेकिंगसाठी (टूलने मॉडेल आपोआप तपासून प्रॉपर्टी पाळली जाते का ते सांगणं) क्लार्क, इमर्सन, सिफाकिस यांना २००७ चं. एलटीएल (एकेका सरळ वाटेवरच्या काळाचं टेम्पोरल लॉजिक) आणि सीटीएल (फाटे फुटणाऱ्या काळाचं) दोन्ही बघा, कारण कधीतरी प खरं होऊन मग कायम खरं राहील हे एलटीएलमध्ये लिहिता येतं पण सीटीएलमध्ये नाही, आणि कुठूनही रिसेटला पोचायचा रस्ता असतोच हे सीटीएलमध्ये येतं पण एलटीएलमध्ये नाही.

शेवटी स्पिन किंवा न्यूएसएमव्ही यातलं एक मॉडेल चेकिंगचं टूल टाकून घ्या. दोन प्रोसेस, एक क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकानेच शिरायचा कोडचा भाग), आणि दोन प्रॉपर्टी: दोघं एकदम आत कधीच नसतात, आणि आत यायचंय म्हणणाऱ्याला कधी ना कधी आत जाता येतं. पहिली मोडली तर काउंटरएक्झाम्पल सरळ ट्रेस असतो, दुसरी मोडली तर ट्रेसच्या टोकाला लूप असतो, तो वाचायची सवय करा, आणि फेअरनेस (प्रत्येक प्रोसेसला पाळी मिळत राहील ही अट) न लावल्यामुळे शेड्युलर एकाच प्रोसेसला चालवत बसलाय का तेही तिथेच दिसतं. मॉडेल आधी छोटंच ठेवा, २० बूलियन व्हेरिएबल म्हटले तरी १०,४८,५७६ स्टेट होऊ शकतात. आणि टूलने सगळं बरोबर आहे म्हटलं तर लगेच खूश होऊ नका, रिक्वेस्ट कधी येतेच का ते आधी वेगळं तपासा, कारण रिक्वेस्टच आली नाही तर "रिक्वेस्ट आली की उत्तर मिळतं" हे कुठल्याही मॉडेलमध्ये खरंच ठरणार.