मे महिन्यात उणे चाळीस

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी नारायणगावजवळच्या एका गॅरेजात लागलो. तिथे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, हातात मिळणं म्हणजे बढतीच वाटायची. त्याचा कपलर (जोडणीचा प्लग) गाडीला लावायचा, कोड वाचायचा, त्या नावाचा सेन्सर बदलायचा, कोड पुसायचा. सहा महिने हेच केलं आणि स्वतःला इलेक्ट्रिकलचा माणूस समजू लागलो. मग ती पिकअप आली.

जुनी कॉमन रेल डिझेल गाडी (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं ती), टोमॅटोचे क्रेट वाशीला नेणारी. इंजिनची पिवळी लाइट लागली की गाडी ओढच घ्यायची नाही. स्कॅनरवर पी०११८, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या कूलंट टेम्परेचर सेन्सरचं सर्किट हाय. सेन्सर स्वस्त होता, बदलला. लाइट गेली, गाडीचे शेठ खूश. पाचव्या दिवशी गाडी परत दारात. या वेळी पी०११८च्या जोडीला पी०१९३, रेलमधला डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचं सर्किट हाय. हा सेन्सर महाग. तोही बदलला. आठवडाभर गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच दोन कोड. शेठ म्हणाले, "तुम्ही सेन्सर बदलता का माझे पैसे?" उत्तर नव्हतं. इलेक्ट्रिकलचा माल दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे एका सेन्सरचे पैसे माझ्या पगारातून गेले.

गॅरेजच्या वस्तादांनी तोवर गाडीला हात लावला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "कोडपुढे काय लिहिलंय?" मी म्हणालो, सेन्सर खराब. ते म्हणाले, "'सर्किट हाय' असं लिहिलंय. सेन्सर खराब असं त्यात कुठे आहे?"

ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त तारेवरचा व्होल्टेज दिसतो; 'हाय' म्हणजे तो हवा त्यापेक्षा जास्त. कूलंट सेन्सरला दोन तारा: एकीवर ईसीएम आतल्या रेझिस्टन्समधून पाच व्होल्ट सोडतो, दुसरी परतीची, ज्याला गॅरेजात सेन्सर अर्थ म्हणतात. इंजिन तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो आणि सिग्नलचा व्होल्टेज खाली येतो. परतीची तार तुटली तर तो व्होल्टेज उतरणारच नाही, वर पाचलाच अडकेल. पाच व्होल्ट म्हणजे ईसीएमच्या हिशेबाने भयंकर थंडी. म्हणून लाइट लागली असताना कोड पुसायच्या आधी लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे, बघा. त्या दिवशी बाहेर अंगाची लाही होत होती आणि स्क्रीनवर कूलंट होतं उणे ४० अंश. दोनदा कोड पुसताना हा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून गेला असणार. मी वाचलाच नव्हता.

रेल प्रेशर सेन्सरला तीन तारा: पाच व्होल्टची, सिग्नलची आणि परतीची. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, भरपूर प्रेशरला साडेचारच्या आसपास. त्याचीही परतीची तार सुटली तर सिग्नल वरच जातो. दोन वेगळे सेन्सर एकाच दिवशी मरतात का? क्वचित. मग दोघांमध्ये सामाईक काय? वस्तादांनी वायरिंगचा नकाशा उघडून बोट ठेवलं. दोन्ही परतीच्या तारा वायरिंगच्या गठ्ठ्यात एका जोडाला मिळत होत्या आणि पुढे एकच तार ईसीएमला जात होती. हा जोड प्रत्येक गाडीत असेलच असं नाही, म्हणून तुमच्या मॉडेलचा नकाशा मिळवा. शेजारच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

मग मल्टिमीटर. सेन्सरचा कपलर काढायचा नाही. मागच्या बाजूने पातळ पिन घालून परतीच्या तारेवर लाल टोक, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन चालू. आकडा जवळपास शून्य हवा, ०.०२ आला, म्हणजे ठीक. माझा चेहरा पडला. वस्ताद म्हणाले, "आता हलव." मी गठ्ठा वीत-वीत पकडून हलवत गेलो. ब्रॅकेटच्या मागे हात गेला आणि मीटर चार व्होल्टच्या वर उडाला. इंजिनचा आवाज बदलला, लाइट लागली.

टेप सोलली. कधीतरी कुणीतरी जादा लाइटसाठी तिथलीच एक तार सोलून पिळा मारला होता, वर काळी टेप. आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं होतं आणि शेजारचा जोड दोन धाग्यांवर तगून होता. आता कळलं, सेन्सर बदलला की गाडी चार दिवस बरी का चालायची: बदलताना गठ्ठा हलायचा, जोड पुन्हा टेकायचा, आणि शेताच्या खडकाळ रस्त्याने दोन-चार फेऱ्या झाल्या की सुटायचा. हिरवा भाग कापून चांगल्या तारेपर्यंत गेलो, सोल्डर केलं, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि गठ्ठा ब्रॅकेटपासून लांब बांधला. खर्च सेन्सरच्या मानाने किरकोळ.

नवीन पोरांना मी आता स्कॅनरच्या आधी वही देतो. गाडी आली की कोड, फ्रीज फ्रेममधले (कोड लागला त्या क्षणी ईसीएमने साठवलेले) आकडे आणि ड्रायव्हरचं बोलणं आधी लिहायचं: लाइट गरम असताना लागते की थंड, धुतल्यावर की खड्ड्यात. ड्रायव्हरला कोड कळत नाही, पण "शेतात उतरलो की लागते" हे तोच सांगू शकतो. आमच्या त्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चहा सांगत होतो. बॅटरीची तार काढून लाइट घालवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. फ्रीज फ्रेम पुसली जाऊ शकते आणि मग पुरावा उरत नाही. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र शिकायला पुरतं, पण ते सहसा सर्वसाधारण कोडच दाखवतं. कंपनीचे खास कोड वाचायला मोठा स्कॅनर लागतो.

आणि हो, सेन्सर खरंच मेलेलाही असतो. फक्त ते तपासून ठरवायचं. त्या पिकअपचा काढलेला कूलंट सेन्सर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मुलगा आला की तो कपातल्या पाण्यात बुडवायला लावतो, मीटर ओहमवर. साध्या पाण्यात दोन-अडीच हजार ओहम, उकळतं पाणी ओतलं की आकडा भराभर घसरून तीनशेच्याही खाली. मी फेकून द्यायला निघालो होतो, तो सेन्सर अजून बरोबर दाखवतो.