ग्रॅव्हल सायकलची चेन पुढून का उतरते?

खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच्या या सायकलला पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) असली की चेनला धरून ठेवणारा पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) नसतो. ते काम दोघांवर येतं: एक जाड, एक बारीक दात असलेली चेनरिंग आणि मागच्या डिरेलरमधला क्लच, म्हणजे चेन सैल पडू न देणारी यंत्रणा.

आधी क्लच पाहा. शिमानो जीआरएक्स या ग्रॅव्हल गिअर संचाच्या बऱ्याच डिरेलरवर त्याची छोटी कळ असते. चाक काढताना ती बंद केली जाते आणि पुन्हा चालू करायचं हमखास राहून जातं. चालू असताना डिरेलरचा पिंजरा (दोन छोटी चाकं असलेला खालचा भाग) पुढे ढकलायला स्पष्ट जोर लागला पाहिजे.

मग चेन बसवताना बाहेरच्या रुंद कड्या जाड दातांवरच येऊ द्या. एका दाताने चुकलं तर चेन दातांवर उचललेली दिसते आणि पहिल्याच खड्ड्यात उतरते.

११ किंवा १२ गिअरची चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ टक्के ताणलेली दिसली की बदला. चेनरिंगचे दात हुकासारखे वाकले असतील तर नुसती नवी चेन टिकणार नाही.

लांबी डिरेलर कंपनीच्या सूत्रानेच मोजा. लांब चेन सैल लोंबते. एवढं करूनही उतरत असेल, तरच चेन गाइड (चेनरिंगवरून चेन उतरू न देणारा छोटा भाग) लावा. सगळ्या गिअरमध्ये पेडल फिरवून तो कुठेही घासत नाही ना, ते तपासा.