सहकुटुंब विमानप्रवास: कुलूप लावल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत या चुका टाळा

नाताळच्या सुट्टीत आम्ही सात जण डोंबिवलीहून गुवाहाटीला आणि तिथून शिलाँगला गेलो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, शिवाय नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा पावणेदोन वर्षांचा मुलगा. मुंबई ते गुवाहाटी विमान जेमतेम तीन तासांचं. पण सकाळी सहाला घराला कुलूप लावलं ते शिलाँगच्या खोलीत पाठ टेकेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले होते. उशीर झाला, धावपळ झाली, एकदा डोळ्यांत पाणीही आलं. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की यातलं बहुतेक सगळं टळलं असतं. एकटा माणूस जी चूक दहा मिनिटांत निस्तरतो, तिच्यापायी कुटुंबाचा तास जातो, कारण एकाचं अडलं की सगळेच थांबतात.

तिकिटं वेगवेगळी काढणं

सात जणांचं तिकीट एकदम शोधलं की भाडं जास्त दिसतं. स्वस्त दरातल्या चारच जागा उरल्या असतील तर सातही जणांना वरचा दर लागतो. म्हणून आपण चार इकडे, तीन तिकडे अशी तोड करतो. आम्हीही केली, आणि त्या गडबडीत लेकीचं तिकीट आत्याच्या पीएनआरवर (म्हणजे आरक्षण क्रमांकावर) गेलं. तिची जागा आली चोविसाव्या रांगेत, आमची नवव्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, अशी सूचना डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिली आहे. पण त्यात पीएनआर एक असणं महत्त्वाचं. आम्हाला शेवटी एका भल्या प्रवाशाला विनंती करून जागा बदलून घ्यावी लागली. दर वाचवायचाच असेल तर तोड करा, पण मूल आणि त्याचे आईवडील एकाच पीएनआरवर ठेवा. म्हाताऱ्या माणसासोबतही त्याच पीएनआरवर कुणीतरी जाणतं हवं. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर कंपनी पीएनआर पाहून सोय करते, नाती पाहून नाही.

दुसरी चूक नावाची, आणि ती आपल्याकडे फार होते. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. सासूबाईंना अख्खं घर सासरच्या नावाने ओळखतं, आधारवर मात्र माहेरचं नाव आहे. नवऱ्याने तिकीट काढताना सवयीने सासरचं नाव टाकलं. नशीब की रात्री तिकीट वाचताना माझ्या लक्षात आलं. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट काढलं असेल आणि चूक चोवीस तासांच्या आत कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातली दुरुस्ती फुकट करून मिळते. तेव्हा तिकीट काढताना प्रत्येकाचं ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा. त्याच रात्री दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

तान्ह्या मुलांबद्दल एक. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसवून नेता येतं, पण जन्मतारखेचा पुरावा लागतो. सहलीच्या मधेच त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला त्याला स्वतंत्र जागा आणि मुलाचं तिकीट काढावं लागतं. पाळण्यातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असेल तर तेही तपासून ठेवा.

"मुंबई विमानतळ" एवढंच ड्रायव्हरला सांगणं

मुंबईत टर्मिनल १ पार्ल्याच्या बाजूला, द्रुतगती मार्गालगत आहे. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला, सहारला. टर्मिनल २ म्हणजे परदेशी विमानांचं, असा समज अजून घट्ट आहे, पण देशातलीही कितीतरी विमानं तिथूनच सुटतात. दोहोंमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर, आणि सकाळच्या वाहतुकीत तेवढ्यालाही अर्धा तास सहज जातो. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. डोंबिवली, कल्याण, पनवेलकरांनी तर तिकिटावरची तीन अक्षरं आधी पाहावीत. बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. गोव्याला जाणाऱ्यांचंही तेच: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे पेडण्याजवळचं मोपा. मडगावला उतरायचंय आणि विमान मोपाचं, हे पोचल्यावर कळलं तर पुढचा बराच वेळ गाडीत जातो.

पूजेची पिशवी हातातल्या सामानात ठेवणं

याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटलं.

सासूबाईंना कामाख्येची ओटी भरायची होती. महिनाभर आधीपासून त्यांनी तयारी केली होती. खण, हळदकुंकू, खोबऱ्याच्या वाट्या, कापराची डबी, उदबत्ती, काडेपेटी आणि गावाकडून, त्यांच्या स्वतःच्या माडाचा, शेंडी ठेवून सोललेला नारळ. देवीचं सामान पायाशी नको, इतर बॅगांच्या खाली दबायला नको, म्हणून ती कापडी पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. सुरक्षा तपासणीत पिशवी मशीनमधून गेली आणि पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला वळवली गेली. तिथल्या महिला जवानाने एकेक वस्तू बाहेर काढून ट्रेमध्ये मांडली. काडेपेटी बाजूला. कापूर बाजूला. खोबरं बाजूला. शेवटी नारळ. सासूबाई एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा नारळाकडे. मग त्यांनी तो उचलला, कपाळाला लावला आणि ट्रेमध्ये परत ठेवला. काही बोलल्या नाहीत.

नियम माहीत असता तर ही वेळ आली नसती. अख्खा नारळ हातातल्या सामानात चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पटकन पेट घेतं, त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेतही ठेवू नयेत. कापूर ज्वालाग्राही, तोही कुठेच नाही. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा. खण, हळदकुंकू, माळ, देवीची साडी हे सगळं चेक-इन बॅगेत बिनधास्त जाऊ द्या. नारळ, कापूर, उदबत्ती तिथे मंदिराच्या वाटेवरच्या दुकानांत मिळते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर आधी, घरी बसवून, कारणासह सांगा. रांगेत, चार लोकांसमोर त्यांना ते पहिल्यांदा कळू देऊ नका.

लाल तिखट, मसाले, मेतकूट आणि लोणच्याची बरणी हेही चेक-इन बॅगेतच जाऊ द्या. बरणीच्या तोंडाला प्लास्टिक, त्यावर झाकण, वरून दोन पिशव्या आणि मग टॉवेलची गुंडाळी.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती फक्त हातातल्या सामानात चालते. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये लगेच दिसतं आणि विझवता येतं, खाली सामानाच्या कप्प्यात कुणाला कळतही नाही. शंभर वॅट-तासांपर्यंतची चालते, आणि बाजारातली नेहमीची वीस हजार एमएएचची साधारण चौऱ्याहत्तरची असते. चेक-इन बॅगेत ती राहिली तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि तोवर बाकीचे सहा जण ताटकळतात.

सगळ्यांची तिकिटं एकाच मोबाइलमध्ये

नवऱ्याकडे डिजीयात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात सोडणारं ॲप होतं, आमच्याकडे नव्हतं. त्याने चेहरा दाखवला आणि तो आत गेला. आम्ही सहा जण दुसऱ्या रांगेत दारापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची तिकिटं त्याच्याच मोबाइलमध्ये. काचेच्या आतून तो हात हलवतोय, बाहेर आम्ही फोन लावतोय, मागे रांग खोळंबलेली. डिजीयात्रा चांगलीच सोय आहे, पण कुटुंबात ती सगळ्यांकडे तरी हवी नाहीतर त्या दिवसापुरती कुणीच वापरू नये. प्रत्येक जाणत्या माणसाच्या मोबाइलमध्ये त्याचं तिकीट पाठवून ठेवा. ज्येष्ठांच्या हातात छापील प्रत द्या. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही.

सुरक्षा तपासणीत बायका आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना जातात. पलीकडे ट्रेवरचे मोबाइल, पर्स, घड्याळं कोण उचलणार आणि लहान मूल कुणाबरोबर जाणार, हे रांगेत शिरण्याआधी ठरवा.

आणि आत गेल्यावर घोषणेची वाट बघत बसू नका. मुंबईचा विमानतळ सायलेंट आहे, विमानात बसायला या असं कुणी पुकारत नाही. फलकावर गेट क्रमांक दिसतो, तो बदलूही शकतो. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. घरी वेब चेक-इन झालं असलं तरी बॅगा द्यायची रांग चुकत नाही. सुट्टीच्या दिवसांत अडीच ते तीन तास आधी पोचा. लवकर पोचलो म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

व्हीलचेअर आयत्या वेळी मागणं

"मला काय धाड भरलीय, मी चालते की," असं सासूबाई म्हणाल्या आणि आम्हीही आग्रह धरला नाही. टर्मिनल २ मध्ये काउंटरपासून टोकाच्या गेटपर्यंत चालणं बरंच आहे. अर्ध्या वाटेत त्यांचा गुडघा धरला. तिथे व्हीलचेअर मागितली तर येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ही सोय तिकिटावरच, निदान अठ्ठेचाळीस तास आधी नोंदवायची असते. नोंदवताना त्यांना पायऱ्या चढता येतात की नाही तेही सांगा, कारण विमान लांब उभं असेल तर बसने जाऊन शिडी चढावी लागते. आमचंच माणूस आहे म्हणून त्याचा संकोच आधी आपण ओळखायला हवा. त्यांची औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवा. इन्सुलिन तर चेक-इन बॅगेत मुळीच नको, खाली ते गोठू शकतं.

विमानाला उशीर झाल्यावर नुसतं चिडणं

आमचं विमान दीड तास उशिरा सुटलं. एवढ्यावर काही मिळत नाही. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं निवडता येतं. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा हे आकडे सांगितले की बोलणं लवकर मार्गी लागतं.

दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत जास्त जपावं. धुक्यात सकाळची विमानं हमखास रखडतात. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाची नसते. दिल्लीला उतरायचं टर्मिनल १ आणि पुढचं विमान टर्मिनल ३ ला असेल तर बाहेर पडून, काही किलोमीटर जाऊन, पुन्हा सगळी तपासणी. हजार रुपये वाचवायला हा जुगार कुटुंबाने खेळू नये.

घड्याळ पाहून पुढचा बेत आखणं

विमान खाली उतरू लागलं की लहान मुलं रडतात ती कानात दडे बसल्यामुळे. उतरण्याच्या अर्धा तास आधी झोपलेल्या मुलाला उठवा. तान्ह्याला दूध पाजा, मोठ्याला लिमलेटची गोळी द्या. पट्ट्यावरून बॅगा उचलल्या की दाराबाहेर पडण्याआधी मोजा. सासूबाई अजूनही "डाग किती?" म्हणजे सामानाचे नग किती, असं विचारतात, आणि त्यांच्या त्या विचारण्यामुळेच निळी बॅग राहिल्याचं कळलं. बॅग आलीच नाही किंवा फुटलेली असेल तर तक्रार त्याच दालनात, तिथल्या तिथे नोंदवा.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र नकाशावरची होती. तीन वीसला उतरलो, चारला बाहेर पडलो. मुंबईच्या हिशोबाने ही भर दुपार, शिलाँग शंभर-सव्वाशे किलोमीटर, तीन-साडेतीन तासांत पोचू, असं गृहीत धरलं होतं. पण अख्ख्या देशाचं घड्याळ एक असलं तरी सूर्य एक नसतो. गुवाहाटी मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ एकोणीस रेखांश आहे, म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात तर उत्तरेकडे असल्यामुळे दिवसही थोडा लहान. साडेचारला दिवस मावळला. जोराबाटला गाड्यांची रांग लागली, नोंगपोहला चहाला थांबलो तेव्हा मिट्ट काळोख आणि अंगात कापरं भरवणारा गारठा. स्वेटर सगळे टपावर बांधलेल्या बॅगेत. ज्या बडापानीच्या तलावाचं नाव लेक आठवडाभर घेत होती, तो कधी मागे पडला कळलंच नाही.

तुम्ही पूर्वेकडे जाणार असाल तर दुपारनंतर पोचणाऱ्या विमानाच्या दिवशी गुवाहाटीतच मुक्काम करा. एकेक स्वेटर आणि कानटोपी हातातल्या सामानात ठेवा. गाडी घरूनच ठरवा आणि चालकाचा नंबर किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि दुसऱ्या दिवशीचा बेत पहाटेपासून आखा, कारण तिथला उजेड त्याच वेळचा असतो.

शिलाँगच्या पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा सासूबाई शाल पांघरून खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर पाइनची झाडं स्पष्ट दिसत होती. "आठ वाजले का गं? कुणीच कसं उठलं नाही?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल पाहिला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.