गुळवेलीचे वन धन केंद्र: शहापूर-मुरबाडच्या वाड्यांसाठी कामाची पद्धत

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गुळवेल मुबलक आहे, ती ओळखणारी माणसे वाडीवाडीत आहेत आणि आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या कंपन्यांना ती लागतेच. वन धन केंद्र, म्हणजे वनोपज गोळा करून, त्यावर प्रक्रिया करून विकणाऱ्या बचतगटांचे केंद्र, अडते ते बहुधा पैशाच्या वेळेपाशी. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास भट्टीचा मुकादम वाडीत येतो, हातात उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) ठेवतो आणि कातकरी कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाते ते थेट पावसाच्या तोंडावर परतते. गुळवेल तोडून सुकवायचा हंगामही नेमका हाच. त्यामुळे केंद्राचे पैसे दोन महिन्यांनी मिळणार असतील तर उचल जिंकणार, आणि त्यात त्या कुटुंबाचा काहीच दोष नाही. मुकादम येण्याआधी खरेदीचा दर, पहिल्या खरेदीची तारीख आणि रोख रक्कम या तीन गोष्टी तयार ठेवणे हे या कामाचे पहिले पाऊल आहे. गट, यंत्रे, फलक हे सगळे त्यानंतर.

गट आणि मंजुरी

वन धन योजना १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथे सुरू झाली. नेहमीच्या रचनेत एका केंद्रात १५ बचतगट आणि प्रत्येक गटात २० सदस्य, म्हणजे ३०० सदस्य असतात. अशा केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात असल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांच्यासाठी लहान केंद्रेही मंजूर होतात. प्रस्ताव शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून पुढे जातो. राज्यात हे काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ पाहते.

प्रस्ताव अडकतो तो सदस्यांच्या यादीवर. आधारवरचे नाव, बँकेतले नाव आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही. दाखला नसेल तर अर्ज प्रांत कार्यालयात जातो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या घरात तो सापडत नाही. अशा वेळी नातेवाईकांचे दाखले, जुन्या जन्ममृत्यू नोंदी आणि गृहचौकशीचा अहवाल यांवर भर द्या. जुन्या कागदात ‘काथोडी’ असे लिहिलेले आढळले तर तो कागद बाजूला टाकू नका. जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत. हे काम मे-जूनमध्ये, माणसे वाडीवर परतल्यावर, एकाच बैठकीत उरका. दिवाळीनंतर अर्धी वाडी सहीला सापडणार नाही.

बँक खात्यावर तीन सह्या ठेवा आणि कोणत्याही दोन चालतील असे ठरवा. त्यातली एक तरी कातकरी बाईची हवी. मिश्र गावात हिशेब, काटा आणि चेकबुक हळूहळू बोलक्या माणसांकडे सरकतात आणि कातकरी फक्त तोडणीला उरतात. नंतर हे बदलणे फार अवघड जाते.

कुठून तोडायचे

वन हक्क कायदा, २००६ नुसार औषधी वनस्पती गौण वनोपजात, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजात, मोडतात. त्या गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वनहक्कधारकांचा हक्क आहे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. म्हणून हंगामाआधी ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात वनस्पतीचे नाव, क्षेत्र, अंदाजे वजन आणि परवान्यावर सही कोणाची हे लिहा. ठरावाची प्रत टेम्पोत ठेवा. नाक्यावर गाडी अडली की तोंडी स्पष्टीकरण उपयोगी पडत नाही. तानसा अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाशी लेखी बोलणे झाल्याशिवाय कोयता लावू नका.

मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेची वेल सोडून द्या, दिसायला कितीही जाड असली तरी. धूर आणि धूळ तिच्यावर बसलेली असते आणि कंपनीच्या तपासणीत असा माल नापास होऊ शकतो. फवारणी होणाऱ्या बागेच्या कुंपणावरची वेलही नको.

ओळख आणि तोडणी

गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी एक वेल आहे, तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये तिच्याबाबत सावध केले आहे, कारण ती गुळवेल समजून घेतल्यास अपाय होऊ शकतो. खरी गुळवेल हिरवट असते, तिच्या खोडावर गाठी कमी असतात, खोड कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही आणि फळे गोल, घोसात येतात. दुसरीचे खोड करडे आणि मोठ्या गाठींनी खडबडीत असते, चीक दुधाळ असतो आणि फळे लांबट असतात. पान दोघींचेही हृदयाच्या आकाराचे असल्याने पानावरून निर्णय घेऊ नका. शंका आली तर ती मोळी वेगळी ठेवा. एका चुकीच्या मोळीने पूर्ण खेप बाद होते.

अंगठ्याएवढ्या जाडीचे पक्के खोड घ्या. कोवळे, सुतळीसारखे दोर सुकल्यावर वजनात उरत नाहीत. जमिनीपासून फूटभर खोड आणि मुळे तशीच ठेवा, म्हणजे पुढच्या पावसात ती पुन्हा फुटते. उपटलेली वेल तिथे परत मिळत नाही. एका झाडावर तीन वेली असतील तर दोनच घ्या. पाने जागेवरच काढून टाका, नाहीतर मोळीच्या आत ती उबतात आणि कुजतात.

सुकवण

सर्वात जास्त माल इथेच वाया जातो. आणलेली मोळी रात्रभर बांधून ठेवली की आतून गरम होते आणि दोन दिवसांत खोडाचा गाभा काळा पडतो. त्याच दिवशी धुवून, निथळून, एक ते दीड इंचाचे तुकडे करा. अंगठ्याहून जाड तुकडा उभा चिरा. न चिरलेला जाड तुकडा बाहेरून वाळतो, आत ओल राहते आणि गोणीत त्यालाच बुरशी धरते.

तुकडे ताडपत्रीवर किंवा बांबूच्या मांडवावर एकेरी थरात पसरा. मांडव चांगला, कारण खालूनही हवा लागते आणि कोंबड्या, शेळ्या दूर राहतात. शेणाने सारवलेल्या अंगणात थेट पसरू नका. माल जंतूंच्या तपासणीत अडकतो. दिवसातून दोनदा हलवा, संध्याकाळी दव पडण्याआधी झाका. थंडीत आठ-दहा दिवस धरून चाला, उन्हाळ्यात त्याहून कमी. जाड तुकडा हाताने मोडून पाहा: कट् असा आवाज होऊन तुटला तर तयार, वाकला तर अजून एक-दोन दिवस. कंपन्या ओलावा तपासतात, त्यामुळे केंद्राच्या निधीतून घ्यायच्या वस्तूंत ओलावामापक दळणयंत्राच्या आधी घ्या.

भरायला नवी ज्यूटची गोणी वापरा. युरियाची किंवा कीटकनाशकाची रिकामी गोणी कितीही धुतली तरी चालत नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा आणि प्रत्येकीवर वाडी, तारीख आणि वजनाची चिठ्ठी बांधा. माल परत आला तर कोणती गोणी कोणत्या वाडीची हे या चिठ्ठीवरून कळते आणि सगळ्यांचे पैसे कापावे लागत नाहीत.

दर, काटा आणि रोख

वाडीवर ओला माल घ्यायचा की सुका? आमचे मत ओल्याच्या बाजूने आहे. ओला माल घेतला की पैसे त्याच दिवशी देता येतात, आणि सुकवण एकाच जागी झाल्याने माल एकसारखा निघतो. त्यासाठी आधी घट, म्हणजे सुकल्यावर वजन किती उरते ते, काढावी लागते. दहा किलो ओले तुकडे तोलून सुकवा आणि पुन्हा तोला. अडीच किलो भरले तर चारास एक, दोन किलो भरले तर पाचास एक. ही चाचणी नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये करा, कारण वेलीतले पाणी ऋतूप्रमाणे बदलते.

केंद्र सरकारने २०२० मध्ये सुक्या गुळवेलीची किमान आधारभूत किंमत किलोला ४० रुपये केली. चारास एक घट असेल तर ओल्याला १० रुपये आणि पाचास एक असेल तर ८ रुपये दिले, तरच त्या किमतीची बरोबरी होते. चालू दर प्रकल्प कार्यालयातून घ्या आणि हाच भागाकार करून दर काढा.

आता भांडवल पाहा. समजा एक टन सुक्या मालाची मागणी आहे आणि घट चारास एक आहे. चार टन ओला माल १० रुपयांनी घेतला तर ४०,००० रुपये वाडीवर रोख लागतात. धुणे, कापणे, सुकवणे यांची मजुरी, गोण्या आणि टेम्पो यांना सुक्या मालाच्या किलोमागे आणखी १० रुपये धरले तर ५०,००० रुपये झाले. कंपनीने माल पोहोचल्यावर ४५ दिवसांनी पैसे दिले, आणि त्या काळात दुसरी एक टनाची खेप भरायची असेल, तर एक लाख रुपये अडकून राहतात. तेवढे खात्यात नसतील तर दुसरी मागणी घेऊ नका, किंवा निम्मी रक्कम आगाऊ मागा. मोठ्या मागणीच्या आनंदात उधारीवर माल उचलला की वाडीचा विश्वास एका हंगामात संपतो. मंजूर निधीतला मोठा वाटा यंत्रांऐवजी या फिरत्या भांडवलात राहील असा प्रस्ताव लिहा, आणि यंत्रे दुसऱ्या वर्षी घ्या.

काटा इलेक्ट्रॉनिक असावा आणि वैधमापन यंत्रणेकडून दरवर्षी पडताळून त्यावर शिक्का घ्यावा. आकडा मोठ्याने वाचा. कडता, म्हणजे गोणीच्या नावाखाली अंदाजे वजन, कापू नका: रिकामी गोणी तोला आणि तेवढेच वजन वजा करा. दोन प्रतींची पावती द्या, त्यावर नाव, वजन, दर, रक्कम आणि सही किंवा अंगठा असावा. पैसे नवऱ्याच्या हाती देण्याऐवजी तोडणाऱ्या बाईच्या हाती द्या. तोडणीत बायकांचा वाटा मोठा असतो.

विक्री

खरेदीदाराला आधी दोन किलो नमुना पाठवा आणि त्यानेच मंजूर केलेला एक किलो नमुना सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. वादाच्या वेळी तोच कामाला येतो. ओलाव्याची मर्यादा, तुकड्याचा आकार, साल खरवडायची की नाही, वाहतूक खर्च कोणाचा, नापास मालाचे काय आणि पैसे किती दिवसांत, हे सगळे लेखी घ्या. पूड करून विकण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. पाकिटावर रोग बरा होण्याचा दावा छापला की आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो, आणि तुकड्यांमधली भेसळ पुडीत डोळ्यांना दिसतही नाही. पाकिटे घेऊन वाशी किंवा ठाण्याच्या प्रदर्शनात बसायचे असेल तर आधी परवान्याचे कागद पूर्ण करा.

मे अखेरीस हिशेब वाडीसमोर वाचून दाखवा आणि नफ्यातला ठरलेला वाटा पावत्यांच्या वजनाप्रमाणे वाटा. वाटप पावसाआधी व्हावे, कारण जून ते ऑगस्ट हे वाडीत उपासमारीचे महिने असतात आणि पुढच्या हंगामाची उचल बऱ्याचदा तेव्हाच मागितली जाते. जूनमध्ये प्रत्येक सदस्याने वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची वीस कलमे लावावीत: कडुनिंब, आंबा, शेवगा किंवा कुंपण, कुठल्याही आधाराशी. कलमाचे दोन डोळे मातीत जायला हवेत, आणि खालचे टोक वर करून लावलेले कलम फुटत नाही, म्हणून तोडतानाच खालच्या टोकाला तिरका काप द्या.