बारा आणि आठ मिळून एकशे अठ्ठावीस

जावास्क्रिप्ट ही वेबपानांसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतल्यावर मी दोन संख्यांची बेरीज करणारे एक छोटे पान तयार केले, आणि चौकटींत १२ व ८ भरल्यावर उत्तर आले १२८. बेरजेची ओळ मी पुन्हा पुन्हा तपासली, पण ती बरोबरच होती. साध्या चौकटीत टाइप केलेले काहीही प्रोग्रामच्या हाती मजकूर म्हणून, म्हणजे स्ट्रिंग म्हणून येते आणि अधिकचे चिन्ह स्ट्रिंगा एकमेकींना जोडून टाकते, हे मला ठाऊक नव्हते. तेथे वजाबाकी केली असती तर मात्र ४ हेच उत्तर मिळाले असते, कारण वजाचे चिन्ह दोन्ही मूल्यांचे आधी संख्येत रूपांतर करते. अशी न मागितलेली मदत नवशिक्याला फार फसवते.

या भाषेत प्रकार व्हेरिएबलला, म्हणजे मूल्य ठेवायच्या नावाला नसतो, त्यातील मूल्याला असतो. स्ट्रिंग, नंबर, बिगइंट, बूलियन (खरे किंवा खोटे), अनडिफाइन्ड (मूल्य दिलेलेच नाही), नल (मुद्दाम रिकामे ठेवलेले) आणि सिम्बॉल हे सात मूलभूत प्रकार असून बाकी सारे ऑब्जेक्ट, म्हणजे याद्यांसारखी जोडून बनवलेली मूल्ये. त्यांपैकी बिगइंट आणि सिम्बॉल सुरुवातीला खुशाल बाजूला ठेवावेत.

नंबरला मात्र वेळ द्यावा. पूर्णांक आणि अपूर्णांक दोन्ही याच ६४ बिटांच्या प्रकारात बसतात, आणि ०.१ द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून नेमके लिहिता येत नसल्यामुळे ०.१ अधिक ०.२ यांचे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते. ते नीटनेटके करायला मी दशांश स्थळे ठरवून देणारे टूफिक्स्ड वापरले, तर त्याने स्ट्रिंग परत दिली आणि पुढची बेरीज पुन्हा चिकटली!

टाइपऑफने प्रकार विचारण्याची सवय उपयोगी आहे, पण नलचा प्रकार ते ऑब्जेक्ट सांगते. ही १९९५ पासूनची चूक आहे आणि जुनी पाने बिघडू नयेत म्हणून ती तशीच ठेवली आहे. ‘संख्या नाही’ असे सांगणाऱ्या नॅनचा प्रकारही नंबरच निघतो.

आता मी चौकटीतले मूल्य हाती येताच नंबर या फंक्शनने बदलून घेतो. देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या १२ चे त्यातून नॅन होते, ते निदान लक्षात तरी येते. रिकाम्या चौकटीचा मात्र निमूटपणे शून्य होतो, म्हणून चौकट रिकामी आहे का, हे रूपांतराच्या आधीच तपासावे लागते.